रिक्षाच्या भोंग्यासारखा खोकला : ९ वर्षांच्या पॉमसाठी काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. चिकू, ९ वर्षांचा पॉम (पोमेरेनियन कुत्रा), वजन ७ किलो. वर्षभरापासून खोकतोय. दारात कुणी आलं, घाईघाईनं पाणी प्यायला, फिरायला निघताना पट्टा ताणला गेला, की ढास लागते. शेवटी उमाळे येतात आणि तोंडातून थोडा पांढरा फेस पडतो. एका डॉक्टरांनी तीनदा अँटिबायोटिकचा कोर्स दिला. दुसऱ्यांनी एक्स-रे बघून 'ट्रेकिअल कोलॅप्स', म्हणजे श्वासनलिका चपटी होतेय, असं सांगितलं. तिसऱ्यांना हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबरचा जादा आवाज, ऐकू आली आणि त्यांनी लघवी वाढवणारी गोळी लिहून दिली. यातलं खरं कोणाचं, ऑपरेशन करावं लागेल का, आणि खोकला थांबवायचं औषध दिलं तर आजार आतल्या आत दबून वाढेल का, हे तुम्ही विचारलंय. शेवटी एका ओळीत हेही, की त्याला उचलून घेतलं की तो जास्त खोकतो, मग जवळ घेऊच नको का.

मी गेली २२ वर्षं पुण्यात कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करते. पॉम, शिह त्झू, पग, ल्हासा यांचा खोकला माझ्या टेबलावर जवळजवळ रोज येतो. चिकूला मी हात लावलेला नाही, त्यामुळे त्याचं निदान इथून करणार नाही. पण तिन्ही डॉक्टरांनी जे पाहिलं ते एकाच कुत्र्यात एकाच वेळी खरं असू शकतं, हे आधी सांगते. या वयाच्या लहान जातीच्या कुत्र्यात मऊ पडलेली नळी, गळकी झडप आणि आतली सूज सर्रास एकत्र असतात. शोधायचं ते एवढंच, की आजचा खोकला यातल्या कशामुळे येतोय. उपचार त्यावर ठरतात.

नळीपासून सुरुवात करते, कारण ती समजली की पुढचं बरंचसं आपोआप समजतं. कुत्र्याची श्वासनलिका कूर्चेच्या साधारण ३५ ते ४५ कड्यांची असते. आपल्या कानाचा वरचा भाग दुमडून सोडला की टणकन जागेवर येतो, तो कूर्चेमुळे. नळीतली प्रत्येक कडी पूर्ण गोल नसते. इंग्रजी सी अक्षरासारखी पाठीच्या बाजूला उघडी असते आणि तेवढी फट स्नायूच्या पातळ पडद्यानं बांधलेली असते. पॉम, यॉर्की, चिहुआहुआ, टॉय पूडल, पग अशा जातींत काही कुत्र्यांच्या कूर्चेतली पाणी धरून ठेवणारी द्रव्यं कमी होतात. कडी मऊ पडते, सी पसरट होतो, पडदा सैल होऊन आत लोंबायला लागतो. विहिरीवरच्या मोटरीला ओढीच्या बाजूला मऊ पाईप लावला तर काय होतं, ते शेतातल्या माणसाला विचारा. मोटर चालू झाली की पाईप आत चोखला जाऊन चपटा होतो. मानेतल्या नळीचं श्वास आत घेताना नेमकं हेच होतं. छातीतल्या नळीचं उलट आहे. श्वास सोडताना आणि खोकताना आजूबाजूच्या दाबानं ती मिटते.

आता तुमच्या 'दबून वाढेल का' या शंकेकडे येते, कारण माझ्या मते चिकूच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. चपट्या झालेल्या नळीत पडदा समोरच्या भिंतीला घासतो. घासला की खोकला येतो. खोकताना छातीतला दाब एकदम वाढतो आणि तीच मऊ नळी आणखी जोरात आपटते. आतलं अस्तर सुजतं. या अस्तरावर बारीक केसांची लव असते, ती कफ वर ढकलत असते. रोजच्या आपटण्यानं ही लव झडते आणि कफ तिथेच साचतो. साचलेला कफ काढायला पुन्हा खोकला. म्हणजे या आजारात खोकलाच पुढच्या खोकल्याला जन्म देतो. म्हणून इथे खोकला थांबवणं हा उपचारच आहे. माणसाच्या न्यूमोनियात आपण म्हणतो की कफ बाहेर पडू दे, खोकला दाबू नका. तेच कुत्र्यालाही लागू आहे, पण छातीत जंतुसंसर्ग असेल तरच. तो नाही याची खात्री झाली की कोरड्या, घासणाऱ्या खोकल्याला मोकळं सोडण्यात चिकूचं नुकसान आहे.

खात्री कशी करायची? मी आधी लांबूनच बघते. मालक बोलत असतात, कुत्रं जमिनीवर मोकळं फिरत असतं, आणि मी श्वास आत घेताना त्रास होतोय की सोडताना, ते पाहते. मग मानेवर, घशाच्या खाली, दोन बोटांनी नळी अगदी हलकी चाचपते. निरोगी कुत्रं एखाद वेळी ठसकतं आणि सोडून देतं. कोलॅप्सवालं कुत्रं तेवढ्या स्पर्शानं सुरू होतं. मान पुढे ताणून, कोपरं बाहेर काढून, तो जुन्या रिक्षाच्या रबरी भोंग्यासारखा आवाज. इंग्रजी पुस्तकांत याला हंसाचं ओरडणं म्हणतात; माझ्याकडे येणारे निम्मे लोक भोंगाच म्हणतात आणि तो शब्द अगदी चपखल आहे. बऱ्याच जणांना वाटतं घशात हाड अडकलंय. शेवटी फेस पडतो म्हणून काही जण ही उलटी समजतात आणि महिनोन्महिने ॲसिडिटीची औषधं चालतात. घरी ढास लागेल तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात आलं की कुत्रं घाबरून गप्प बसतं, आणि ३० सेकंदांचा व्हिडिओ मला पाच मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

एक्स-रे हवाच, पण त्याची मर्यादा लक्षात घ्या. एक्स-रे हा एका क्षणाचा फोटो आहे आणि नळी क्षणाक्षणाला उघडते-मिटते. म्हणून मान आणि छाती दोन्ही घेऊन एक फोटो श्वास घेताना आणि एक सोडताना काढावा लागतो. एकाच फोटोत नळी छान दिसली म्हणून कोलॅप्स नाही असं म्हणता येत नाही. उलट जाड कुत्र्यात मानेतली चरबी आणि अन्ननलिका नळीवर आल्यानं ती उगाचच अरुंद दिसते. नळीचं हलतं चित्र दाखवणारी फ्लुओरोस्कोपी किंवा भूल देऊन दुर्बिणीनं तपासणं जास्त खात्रीचं. १९८२ पासून नळी किती मिटते यावर चार पायऱ्या मानल्या जातात: साधारण २५ टक्के, ५० टक्के, ७५ टक्के आणि जवळजवळ पूर्ण. पण मी दुर्बिणीची तपासणी सरसकट सांगत नाही. नळी आधीच अशक्त असलेल्या कुत्र्याला भूल देऊन उठवणं हीच एक जोखीम आहे, आणि पायरी दुसरी की तिसरी यावरून पहिल्या तीन महिन्यांचा उपचार फारसा बदलत नाही. ऑपरेशनचा विचार असेल किंवा उपचाराला दाद मिळत नसेल तर मात्र ती करावी.

आता हृदय. लहान जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये डाव्या बाजूची झडप जाड होऊन गळायला लागणं फार सामान्य आहे, आणि मर्मर ऐकू येते ती तिचीच. मर्मर आहे म्हणजे खोकला हृदयाचाच, असं होत नाही. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत ही चूक केली आहे. एका १० वर्षांच्या पॉमला मर्मर ऐकून मी लघवीची गोळी सुरू केली आणि तीन महिने डोस वर-खाली करत राहिले. खोकला तसाच. वर त्या गोळीनं अंगातलं पाणी कमी होऊन कफ घट्ट झाला आणि त्याची ढास लांबली. शेवटी एको (हृदयाची सोनोग्राफी) केला तेव्हा हृदय जेमतेम वाढलेलं निघालं. त्या घरातल्या आजी मला काही बोलल्या नाहीत, पण त्या कुत्र्याचे ते तीन महिने माझ्या मनातून गेले नाहीत.

तेव्हापासून मी दोन गोष्टी बघितल्याशिवाय पुढे जात नाही. पहिली, हृदयाची लय. नळीच्या खोकल्याचं कुत्रं टेबलावर शांत असेल तर ठोके बरेचदा सावकाश आणि श्वासाबरोबर मागेपुढे होणारे असतात. हृदय खरंच दमलं असेल तर ठोके भराभर पडतात. दुसरी गोष्ट तुम्ही आज रात्रीच घरी करू शकता. चिकू गाढ झोपला, पाय हलवत नाहीये, स्वप्न बघत नाहीये, की छाती वर-खाली होते ते ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला ३० च्या आत असेल तर फुप्फुसात पाणी असण्याची शक्यता कमी. सलग दोन-तीन रात्री ३० च्या वर जात असेल तर लगेच दाखवा. वहीत तारीख टाकून लिहा. एको करून घ्याच, कारण वाढलेल्या हृदयाची डावी बाजू खालून मुख्य श्वासवाहिनी दाबते आणि तोही खोकल्याला हातभार लावतो. शिवाय हृदय ठरावीक प्रमाणात वाढलेलं असेल तर वेळेवर पिमोबेंडन हे हृदयाचं औषध सुरू करण्याचा खरा फायदा आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा कुत्र्यांमध्ये हार्ट फेल्युअर सुमारे १५ महिने लांबल्याचं दिसलं. मात्र चालू असलेली लघवीची गोळी माझं हे वाचून स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना झोपेतल्या श्वासाचे आकडे दाखवून विचारा.

तुमच्या पूर्ण प्रश्नात माझी नजर सगळ्यात जास्त कुठे थबकली असेल तर त्या ७ किलोंवर. आपल्याकडे पॉम म्हणून घरात येणारी बरीच कुत्री खरं तर इंडियन स्पिट्झ असतात, आणि त्यांची चण खऱ्या पॉमपेक्षा मोठी असते. त्यामुळे ७ किलो जास्त की बरोबर, हे मी आकड्यावरून सांगणार नाही. हात लावून ठरवा. तुमची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी मुठीवरची हाडं चाचपा; मूठ उघडून हाताच्या पालथ्या बाजूची हाडं चाचपा; मग तळव्याच्या बाजूनं चाचपा. चिकूच्या बरगड्या पालथ्या हातासारख्या लागायला हव्यात. तळव्यासारख्या गुबगुबीत लागल्या तर वजन जास्त आहे. पॉमच्या झुलपेदार केसांत चरबी फार छान लपते, म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

वजनाचा आणि श्वासाचा संबंध सरळ आहे. मानेतली चरबी नळी बाहेरून दाबते, छातीतली चरबी फुप्फुसांना फुगू देत नाही, पोटातली चरबी छाती आणि पोट यांच्यामधला पडदा छातीकडे ढकलते. आणि इतक्या लहान नळीत थोडा फरकही मोठा ठरतो. हवा सरळ वाहत असेल तर नळीची रुंदी निम्मी झाल्यावर तिचा अडथळा दुप्पट होत नाही, १६ पट होतो. माझ्याकडे बंड्या नावाचा असाच एक स्पिट्झ होता, ८ किलोंचा. घरात निवृत्त आजोबा, रोज सकाळी चहाबरोबर त्याला बिस्किटं आणि दुपारी स्वतःच्या ताटातली तूप लावलेली पोळी. 'डॉक्टर, तो खातोच किती?' हे त्यांचं म्हणणं मनापासूनचं होतं. मी कागदावर हिशेब मांडला. ६ किलोंच्या कुत्र्याला पडून राहण्यापुरती दिवसाला सुमारे २७० कॅलरी लागते. तूप लावलेली एक पोळी १२० च्या आसपास. म्हणजे एका पोळीत त्याचं जवळजवळ अर्ध्या दिवसाचं जेवण झालं. चार ग्लुकोज बिस्किटांच्या ८० कॅलरी वर. आजोबा बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. त्यांना मी देणं बंद करायला सांगितलं नाही. त्यांचा तो दिवसातला आनंद होता. पोळीच्या जागी उकडलेल्या फरसबीच्या शेंगा, काकडीच्या चकत्या, थोडं गाजर. बंड्याला आजोबांच्या हातून मिळण्याशी मतलब होता. पाच महिन्यांत तो ६ किलोंवर आला, आणि औषध निम्म्यावर.

तुम्हीही घाई करू नका. आठवड्याला एकूण वजनाच्या १ ते २ टक्के, म्हणजे चिकूसाठी ७० ते १४० ग्रॅम, एवढंच उतरायला हवं. घरच्या वजनकाट्यावर चिकूला घेऊन उभं राहून, मग एकट्यानं उभं राहून फरक काढायचा ही पद्धत १०० ग्रॅमच्या हिशेबाला उपयोगी नाही. दर पंधरवड्याला दवाखान्यात किंवा वाण्याकडच्या चांगल्या काट्यावर करा. जेवण कपानं न मोजता ग्रॅममध्ये मोजा, आणि घरातल्या प्रत्येकानं काय दिलं ते फ्रिजवरच्या एकाच कागदावर लिहा. कमी खाऊनही वजन हलत नसेल, पाणी आणि लघवी वाढली असेल, पोट लोंबत असेल, तर कुशिंग (हॉर्मोनचा एक आजार) किंवा थायरॉइडची तपासणी सांगावी लागते.

गळ्यातला पट्टा आजच काढा. छातीला धरणारा हार्नेस घ्या. पुढून बघितल्यावर इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसणारा, ज्याची पट्टी छातीच्या हाडावर बसते, नरड्यावर येत नाही. घुंगरू किंवा नावाचं लॉकेट हवंच असेल तर तेही हार्नेसला. एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही ती ग्रूमिंगची. टेबलावर कुत्र्याला स्थिर ठेवायला गळ्यात फास अडकवतात आणि वर गरम हवेचा ड्रायर. कोलॅप्सच्या कुत्र्याला या अर्ध्या तासात निळं पडलेलं मी पाहिलंय. ग्रूमरला आधी स्पष्ट सांगा: गळ्यात काही नको, ड्रायर थंड हवेवर, आणि तुम्ही शेजारी उभ्या राहणार.

घरातली हवाही बघा. धूप, उदबत्ती, डासांची कॉइल, सिगारेट, फिनेल आणि ॲसिडचा वास, मिरचीची फोडणी. या सगळ्यांचा ठसका आपल्याला लागतो तसाच त्याला लागतो, फक्त त्याची नळी जेमतेम पेन्सिलीच्या जाडीची आहे. फोडणीच्या वेळी त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दार लावा. दिवाळीत फटाक्यांच्या धुराबरोबर भीतीचा भागही असतो. त्या चार दिवसांसाठी शांत राहण्याचं औषध डॉक्टरांकडून आठवडाभर आधीच ठरवून घ्या. आणि उन्हाळा. कुत्रं जीभ काढून धापा टाकत अंग थंड करतं. धापा टाकल्या की मऊ नळी जोरात मिटते, हवा कमी जाते, अंग तापतं, म्हणून धापा आणखी वाढतात. एप्रिल-मेमध्ये फिरणं सकाळी लवकर आणि रात्री उशिरा, दुपारी गाडीत एकटं अजिबात नाही.

औषधांबद्दल मी नावं सांगते, डोस सांगत नाही, कारण तो वजन, यकृत आणि बाकीच्या आजारांवर ठरतो. अस्तर सुजलेलं असेल तर प्रेडनिसोलोनचा छोटा कोर्स मी देते. छोटा यासाठी, की त्यानं भूक वाढते, धाप वाढते, वजन वाढतं, म्हणजे आपण जे मिळवतोय तेच घालवतो. लांब चालवायचं असेल तर फ्लुटिकासोनचा इनहेलर, लहान बाळांसाठी मिळणाऱ्या स्पेसर आणि मास्कमधून. पूर्ण परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे तीन दिवसांत सोडून देऊ नका. आधी नुसत्या मास्कच्या कडेला दही लावून चाटू द्यायचं, मग तोंडावर दोन सेकंद, मग सात-आठ श्वासांपर्यंत. बहुतेक कुत्री आठवड्याभरात शिकतात.

खोकला शमवणारी औषधं कोडीनच्या कुळातली. ब्युटॉर्फनॉल हे त्यातलंच. परदेशी लेखांत वाचाल ती सगळी इथे सहज मिळत नाहीत, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी वेगळं नाव लिहिलं तर गोंधळू नका. सुरुवातीला डोस असा हवा की ढास खरंच तुटेल. चक्र मोडलं की हळूहळू कमी करत जायचं. थोडी झोप आणि बद्धकोष्ठ होतो, तो अपेक्षित आहे. श्वासवाहिन्या रुंद करणारं थिओफायलिन मोठ्या नळीला ताठ करत नाही. छातीतल्या बारीक नळ्या मोकळ्या झाल्या की श्वास सोडताना लागणारा जोर कमी होतो, म्हणून ते छातीतल्या कोलॅप्सला काही वेळा मदत करतं. अँटिबायोटिक संसर्गाचा पुरावा असेल तरच. चौथा कोर्स विनाकारण नको. दातांवर किटण असेल तर त्याचा विचार वेगळा करावा लागेल, पण आत्ता नाही. आधी श्वास सुधारू दे.

माणसांचं कफ सिरप मात्र कृपा करून देऊ नका, अर्धा चमचाही. त्यातल्या काहींत पॅरासिटामॉल असतं, काहींत स्यूडोएफेड्रिन, साखरमुक्त असेल तर साखरेऐवजी गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल असू शकतं. ७ किलोंच्या कुत्र्याला या गोष्टी जिवावर बेतू शकतात. अडुळशाच्या बाटलीबद्दलही विचारतात. त्या नावाखाली कुठल्या बाटलीत आणखी काय मिसळलंय हे पाहिल्याशिवाय मी हो म्हणत नाही. सांध्यांसाठीच्या ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्यांनी नळीची कूर्चा परत ताठ होते असं मी एकाही कुत्र्यात पाहिलेलं नाही.

आतापर्यंतचं थोडक्यात: झोपेतला श्वास मोजा, एको आणि दोन्ही श्वासांचे एक्स-रे करून घ्या, पट्टा काढून हार्नेस घाला, वजन ग्रॅमनं उतरवा, आणि डॉक्टरांच्या हातानं खोकल्याचं चक्र तोडा. हे सगळं एकदम तीन महिने नेटानं केल्याशिवाय ऑपरेशनचा निर्णय घेऊ नका. ब्रिटनमध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या १०० कुत्र्यांच्या अभ्यासात ७१ कुत्री ऑपरेशनशिवाय, औषधं आणि काळजीवर वर्षभराहून जास्त काळ चांगली राहिली होती. माझा अनुभवही त्याच वळणाचा आहे.

ऑपरेशन दोन प्रकारचं. मानेतल्या नळीला बाहेरून प्लास्टिकच्या कड्या शिवतात. नळीला चिकटूनच स्वरयंत्राची नस जाते, तिला धक्का लागला तर स्वरयंत्र लुळं पडू शकतं. छातीतल्या भागासाठी आत निटिनॉल या धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, सोडतात. तो ठरावीक ठिकाणीच होतो, खर्च मोठा आहे, आणि स्टेंटनंतर खोकला पूर्ण जाईलच असं नाही. बऱ्याच कुत्र्यांना औषधं जन्मभर लागतात. जाळी तुटू शकते, सरकू शकते, टोकाशी मांस वाढू शकतं. तरीही ज्या कुत्र्याला हवाच मिळत नाही, जे वारंवार निळं पडतं, दर आठवड्याला ऑक्सिजनवर ठेवावं लागतं, त्याला स्टेंट आयुष्य देतो. मी तो श्वासासाठी सुचवते. फक्त खोकला फार आहे म्हणून कधीच सुचवत नाही.

किती दिवस आहेत, याचं आकड्यात उत्तर नाही. चपटी झालेली कूर्चा पुन्हा गोल होत नाही. पण रोज वीस वेळा ढास लागणारं कुत्रं दिवसाला दोन-तीन ठसक्यांवर आणणं हे शक्य कोटीतलं काम आहे, आणि तसं खाऊन-पिऊन, शेपूट हलवत म्हातारं झालेली कितीतरी कुत्री माझ्या फायलींमध्ये आहेत.

एक प्रसंग मात्र पाठ करून ठेवा. हिरड्या किंवा जीभ जांभळी-निळी दिसली, ढास पाच-दहा मिनिटांत थांबत नसेल, किंवा तो मान ताणून बसून राहतो आणि आडवा पडतच नाही, तर ही इमर्जन्सी आहे. तोंडात बोटं घालू नका, पाणी पाजू नका, भोवती घरच्यांची गर्दी नको. पंखा किंवा एसी, पोटाला आणि पंजांना साध्या पाण्याचं ओलं फडकं, आणि थंड गाडीतून दवाखाना. निघताना फोन करून सांगा की कोलॅप्सचं कुत्रं श्वासासाठी झगडतंय, ऑक्सिजन तयार ठेवा. तिथे पोचल्यावर आधी एक्स-रेसाठी त्याला आडवं पाडू देऊ नका. आधी ऑक्सिजन आणि हलकं शांत करणारं इंजेक्शन. बरेचदा तेवढ्यानंच पहिला अर्धा तास निभावतो.

आणि हो, त्याला जवळ घ्या. उचलल्यावर तो खोकतो कारण आपण नकळत काखेतून धरून वर ओढतो आणि छाती दाबली जाते, किंवा त्याची हनुवटी आपल्या खांद्यावर येऊन मान वाकते. तुम्ही खाली बसा. एक तळवा छातीच्या हाडाखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ जमिनीला समांतर ठेवून त्याला मांडीवर घ्या. मान मोकळी राहू दे, तोंड तुमच्यापासून बाहेरच्या बाजूला. ढास लागली तर पाठीवर थापट्या मारू नका. हलकेच बरगड्यांच्या बाजूनं हात फिरवत खालच्या आवाजात बोलत राहा. तुमचा आवाज चढला की त्याचा श्वासही चढतो.